कुत्र्याचं वजन उतरवायचंय? आधी घरातले हात मोजा

आमची राणी लॅब्राडोर. सात वर्षांची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, अंगाने सुटलेली. नाशिकच्या आमच्या सोसायटीत सगळे तिला कौतुकाने 'गुबगुबीत' म्हणायचे आणि आम्हालाही ते गोड वाटायचं. मग एका सकाळी ती दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात मध्येच बसली. धाप लागली होती, मागचे पाय थरथरत होते. डॉक्टरांकडच्या काट्यावर वजन भरलं 38 किलो. तिच्या हाडापेराला 30 पुरे होतं.

ते 8 किलो उतरवायला आम्हाला सात महिने लागले. त्यात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहिते आहे. मुद्दा एकच आहे आणि तो पुढे पुन्हा पुन्हा येईल: कुत्रं स्वतः फ्रीज उघडत नाही. ते जाड होतं ते घरातल्या चार-पाच प्रेमळ हातांमुळे. त्यामुळे कुत्र्याच्या पथ्याआधी त्या हातांचा हिशेब लावावा लागतो.

खरंच जाड आहे का? हाताने बघा

डोळा फसवतो. लॅब्राडोर, पॉमेरेनियन, गोल्डन रिट्रीव्हर यांच्या केसांखाली काय आहे ते दिसत नाही आणि रोज बघितलं की सवय होते. म्हणून कुत्र्याला उभं करून दोन्ही तळवे बरगड्यांवरून हलकेच फिरवा. आता स्वतःच्या हाताशी ताडून पाहा. मूठ वळून बोटांच्या पेरांवरून हात फिरवला तर हाडं टोचतात, बरगड्या तशा लागल्या तर कुत्रं रोड आहे. हात सरळ ठेवून हाताच्या मागच्या बाजूवरून बोटं फिरवली की पातळ कातडीखाली हाडं कळतात, बरगड्या अशा लागायला हव्यात. आणि अंगठ्याच्या बुडाशी तळव्याचा जो मांसल उंचवटा असतो, तसं दाबून शोधावं लागत असेल तर चरबी वाढली आहे.

मग वरून बघा: बरगड्या संपल्या की कंबर आत गेलेली दिसायला हवी. बाजूने बघा: पोट मागे जाताना वर उचललेलं हवं. शेपटीच्या बुडाशी गादी लागत असेल तर तीही चरबीच.

डॉक्टर हेच 1 ते 9 अशा अंकांत मांडतात. 4 आणि 5 म्हणजे उत्तम. 5 च्या वरचा प्रत्येक अंक म्हणजे साधारण 10 टक्के जास्त वजन. राणीला 8 मिळाले होते, म्हणजे जवळपास 30 टक्के जास्त. 38 ला 1.3 ने भागलं की 29 च्या थोडं वर येतं. त्यावरून पहिलं लक्ष्य 30 किलो धरलं.

एक सावधगिरी. पाठ आणि मांड्या रोड आहेत पण पोट मात्र टम्म आहे, असं दिसलं तर ती चरबी नसते. पोटात पाणी होणं, जंत, गर्भाशयात पू होणं, गाभण असणं, यातलं काहीही असू शकतं. तिथे पथ्य सुरू करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडे जाणं टाळू नका

मला वाटत होतं, 'कमी खायला घालायचं, त्यात डॉक्टर कशाला?' पण थायरॉइड मंदावलेलं कुत्रं कमी खाऊनही जाड होतं. ते सुस्त असतं, ऊब शोधतं, केस विरळ होतात. रक्ताच्या तपासणीत कळतं आणि गोळ्यांनी आटोक्यात येतं. कुशिंग नावाच्या आजारात कुत्रं खूप पाणी पितं, खूप लघवी करतं, सारखं भुकेलं असतं आणि पोट लोंबतं. खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर त्यानेही भूक भडकते. मात्र ती गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, अचानक तोडली तर जिवावर बेतू शकतं.

नसबंदीबद्दलही बोलून घ्या. ऑपरेशननंतर कुत्र्याची उष्मांकाची गरज साधारण पंचवीस ते तीस टक्के कमी होते आणि भूक उलट वाढते. ऑपरेशन करून घेणं योग्यच आहे, फक्त त्यानंतर वाटी लहान करायला हवी. आम्हाला ते कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पिल्लू, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री यांचं वजन कमी करण्याच्या फंदात घरच्या घरी पडू नका.

सात दिवसांची वही

ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडते. खाण्यात काहीही बदल न करता सात दिवस फक्त लिहायचं: कोणी, काय, किती, कधी. वही स्वयंपाकघरात दोरीने टांगा, पेनासकट. कोणाला बोल लावण्यासाठी ही वही नाही, हे घरात पहिल्यांदा सांगा, नाहीतर लोक लपवतात.

आमच्या वहीतला एक दिवस असा होता. सकाळच्या चहाबरोबर माझ्या हातची तीन ग्लुकोज बिस्किटं. सासूबाईंची तूप लावलेली एक पोळी, कारण 'पहिली पोळी मुक्या जिवाची.' स्वयंपाकाच्या ताईंकडून भाकरीचा चतकोर. गेटवर वॉचमनदादांचं एक बिस्किट. लेकाने डब्यातून परत आणलेलं पनीर. रात्री यजमान कपभर दूध ओतायचे. आणि हे सगळं वाटी भरून दोन वेळा दिलेल्या ड्राय फूडच्या वर. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एवढंसंच देतो, आणि ते खरंही होतं.

आता याचा हिशेब. मध्यम पोळी कोरडी असेल तर सुमारे 100 कॅलरी. त्यावर लहान चमचा तूप म्हणजे आणखी 45. ग्लुकोज बिस्किट एकेक 20 ते 25 चं. म्हशीचं दूध कपभर, म्हणजे 200 मिली, सुमारे 200. पनीरचा 30 ग्रॅमचा तुकडा 80 ते 90. भाकरीचा चतकोर 40 च्या आसपास. बेरीज केली तर वाटीबाहेरचंच साडेपाचशे कॅलरी होत होतं. (पाकिटावर 'किलोकॅलरी' लिहिलेलं असतं. बोलताना आपण ज्याला कॅलरी म्हणतो तेच ते.)

किती द्यायचं? मोबाइलवर करता येणारं गणित

वजन उतरवताना कुत्र्याच्या आजच्या वजनावर नाही, लक्ष्यातल्या वजनावर खाणं ठरवतात. पशुवैद्य वापरतात ते सूत्र साध्या कॅल्क्युलेटरवर होतं: लक्ष्याचा आकडा तीनदा लिहून गुणा, वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, आलेल्या आकड्याला 70 ने गुणा.

राणीसाठी 30 × 30 × 30 म्हणजे 27000. एकदा वर्गमूळ 164.3, पुन्हा वर्गमूळ 12.8. गुणिले 70 म्हणजे सुमारे 900 कॅलरी. दिवसभराचं सगळं एवढ्यात बसवायचं.

लहान कुत्र्याला हेच गणित किती कडक पडतं ते बघा. 11 किलोच्या पगला 8 वर आणायचं असेल तर 8 × 8 × 8 म्हणजे 512, दोनदा वर्गमूळ काढून 4.76, आणि शेवटी सुमारे 330 कॅलरी. त्यात तूप लावलेली एक पोळी दिली तर दिवसाच्या कोट्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग तिथेच संपला.

हा आकडा सुरुवातीचा. काही कुत्र्यांना तो थोडा जास्त पडतो, काहींना कमी, आणि पुढे काट्यावरून तो सुधारायचा असतो. तुमच्या वहीतली एकूण बेरीज या आकड्याच्या दुपटीहून जास्त निघाली तर एकदम खाली येऊ नका, दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने या. पूर्ण उपास तर कधीच नको. घरात मांजरही असेल आणि तीही जाड असेल, तर तिचा विचार पूर्ण वेगळा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर तिचं यकृत चरबीने बिघडतं.

वाटीत काय

इथे तीन वाटा आहेत.

पहिली म्हणजे डॉक्टरांनी सुचवलेलं वजन उतरवण्याचं खास ड्राय फूड. महाग असतं. पण त्यात प्रथिनं आणि तंतू जास्त, चरबी कमी आणि जीवनसत्त्वं-खनिजं जास्त घनतेने घातलेली असतात. त्यामुळे मात्रा कमी केली तरी कुपोषण होत नाही आणि चरबी जाताना स्नायू टिकतात. वजन बरंच जास्त असेल तर हीच वाट मी सांगेन.

दुसरी वाट नेहमीचंच ड्राय फूड मोजून देण्याची. थोडंच वजन जास्त असेल तर चालते. फार कापावं लागलं तर मात्र जीवनसत्त्वंही कापली जातात.

तिसरी घरच्या जेवणाची. आपल्याकडे ती सगळ्यात जवळची आणि तिच्यातच गोंधळ जास्त. दूध-पोळी आणि वरण-भात-तूप यात कर्बोदकं आणि चरबी भरपूर, पण कुत्र्याला लागणारी प्रथिनं, कॅल्शियम आणि इतर घटक अपुरे. नुसता भात कमी केला तर भूकही राहते आणि स्नायूही झडतात. घरचंच द्यायचं असेल तर उकडलेलं चिकन, अंडं, थोडा भात, भाज्या आणि डॉक्टरांनी दिलेलं पूरक यांचं प्रमाण त्यांच्याकडून लिहून घ्या. ते प्रमाण तुमच्या कुत्र्याच्या वजनावर ठरतं, म्हणून मी इथे देत नाही.

खाद्य बदलायचं असेल तर सात ते दहा दिवसांत जुनं कमी आणि नवीन जास्त करत जा, नाहीतर पोट बिघडेल.

आणि काही घेतलं नाही तरी एक गोष्ट घ्याच: स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा. वाटी, कप, मूठ, सगळे फसवतात. राणीच्या पाकिटावर 100 ग्रॅमला 350 कॅलरी लिहिलेलं होतं. 900 तले 90 खाऊसाठी बाजूला काढले की 810 उरतात, म्हणजे दिवसाला सुमारे 230 ग्रॅम. आम्ही 'दोन वाट्या' म्हणून देत होतो ते 300 ग्रॅम भरलं! आता रात्रीच दुसऱ्या दिवसाचं मोजून डब्यात भरून ठेवते, म्हणजे सकाळच्या घाईत अंदाज चालत नाही.

खाऊचा डबा

आता खऱ्या मुद्द्यावर येते. घरातल्यांना 'काही देऊ नका' म्हणून सांगितलं तर ते आठ दिवस टिकतं. विशेषतः ज्यांच्यासाठी कुत्र्याला खायला घालणं हे पुण्य आहे, दिनक्रम आहे, दुपारच्या एकटेपणातली सोबत आहे, त्यांच्या हातातून ते काढून घेणं चुकीचंच आहे. माझ्या सासूबाई पोळी टाकायच्या तेव्हा राणी त्यांच्याकडे बघायची, आणि त्या नजरेसाठी त्या ओट्याशी उभ्या राहायच्या. ते मला मोडायचं नव्हतं.

म्हणून आम्ही डबा केला. दिवसाच्या एकूण कॅलरीच्या दहा टक्के खाऊ, इतकंच त्यात सकाळी भरायचं. राणीसाठी 90 कॅलरी. ज्याला द्यायचंय त्याने डब्यातूनच द्यायचं, डबा रिकामा झाला की त्या दिवसाचा खाऊ संपला. भांडण नाही, प्रश्न नाही. आईंना मी सांगितलं, "आई, पहिली पोळी तुमच्याच हातची, पण कोरडी, आणि चतकोर." त्यांना आधी वाईट वाटलं. मग त्यांनीच युक्ती काढली: पहिल्या पोळीच्या वेळी छोटीशी फुलकी लाटायची. तीही अख्खी पोळीच झाली, आणि मोडून द्यावी लागली नाही.

डब्यात राणीच्या फूडमधले काही दाणेही काढून ठेवतो. कुत्र्याला आकार फारसा कळत नाही, 'मिळालं' हे कळतं. करंगळीच्या नखाएवढा तुकडा पाच वेळा दिला तर एका मोठ्या तुकड्यापेक्षा ते जास्त खूश होतं. बाकी काकडी, गाजर, वाफवलेली फरसबी, लाल भोपळा हे सगळं मीठ-तेल-फोडणीशिवाय. काकडी तर 100 ग्रॅमला 15 कॅलरीच. राणीने पहिले चार दिवस काकडी तोंडातून टाकून दिली, पाचव्या दिवसापासून चावण्याचा आवाज घरभर येतो.

वॉचमनदादांनाही एक छोटी डबी दिली, दिवसाला चार दाण्यांची. तेच आता शेजाऱ्यांना अडवतात, "तिचं पथ्य आहे."

औषधाची गोळी पेढ्यात किंवा चीजमध्ये लपवून देत असाल तर तेही डब्याच्या हिशेबातच.

कोणी कितीही प्रेमाने देऊ दे, कांदा, लसूण, चॉकलेट, झायलिटॉल घातलेलं शुगर-फ्री काहीही, द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याला चालत नाहीत. आमच्या नाशकात हंगामात घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात आणि 'फळच आहे की' म्हणून दिली जातात. द्राक्षांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल ते सांगता येत नाही. तसंच चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातलं कुत्र्याला घालायची आपली रीत आहे. रोडग्याचा लहान तुकडा द्या, कांदा-लसणाचं भरीत नको.

'ती भुकेली दिसते'

पहिले दोन-तीन आठवडे कठीण जातात, कुत्र्याला नव्हे तर आपल्याला. लॅब्राडोरवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे पाव लॅब्राडोरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गायब असतो आणि अशा कुत्र्यांची अन्नाची ओढ जास्त असते, वजनही जास्त असतं. म्हणजे ती नजर खोटी नसते, तिला खरंच हवं असतं. ते वाचल्यावर मला राणीचा राग येणं बंद झालं. पण हवं असणं आणि गरज असणं वेगळं.

यावर उपाय म्हणजे तेवढंच खाणं जास्त वेळ पुरवायचं. दोनऐवजी तीन वेळा वाटून द्या. वाटीऐवजी जुन्या टॉवेलच्या घड्यांत दाणे गुंडाळा, नाकाने उलगडत बसेल. प्लॅस्टिकच्या बाटलीला भोकं पाडून त्यात दाणे घाला, पण लक्ष ठेवून, म्हणजे बाटलीच चावून खाल्ली जाणार नाही. गच्चीत किंवा फरशीवर दाणे विखरून 'शोध' म्हणा. राणी जे दोन मिनिटांत संपवायची त्याला आता वीस मिनिटं लागतात.

आणि ती जवळ येऊन टेकते तेव्हा प्रत्येक वेळी भूकच नसते. कान खाजवा, ब्रश करा, चेंडू टाका. अर्ध्या वेळा ती तेवढ्याने जाऊन झोपते. जेवताना मात्र तिला दुसऱ्या खोलीत ठेवा, ताटाशी बसवून 'नाही' म्हणत राहणं तिच्यासाठीही छळ आहे.

चालणं

वजन मुख्यतः वाटीतून उतरतं. व्यायामाने स्नायू टिकतात, सांधे मोकळे राहतात, मन रमतं. त्यामुळे 'जास्त फिरवते, खाणं तेवढंच' असं केलंत तर फारसं काही होणार नाही.

जाड कुत्र्याला पळवू नका, चेंडूमागे उड्या मारायला लावू नका, जिने चढवू नका. गुडघ्यातलं लिगामेंट (हाडं एकत्र बांधून ठेवणारा पट्टा) तुटण्याचा धोका असतो. राणीला आम्ही दहा-दहा मिनिटं दिवसातून तीनदा, सपाट रस्त्यावर, असं सुरू केलं आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत गेलो. दोन महिन्यांनी ती गोदाकाठी सकाळी पाऊण तास चालायला लागली. दुसऱ्या दिवशी लंगडली किंवा उठताना अडखळली तर आदल्या दिवशीचं जास्त झालं असं समजा. सांधे फारच दुखत असतील तर आधी डॉक्टरांकडून दुखण्याचं औषध घ्या. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला विषासारख्या ठरू शकतात.

उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत आणि सूर्य मावळून रस्ता निवल्यावरच. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर तिचे पंजेही भाजतील. चरबीमुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर दुहेरी त्रास. धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, तोल जातोय, असं दिसलं तर तिथेच थांबा, साधं गार पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा. बर्फ नको.

काटा आणि तक्ता

दर दोन आठवड्यांनी, त्याच काट्यावर, सकाळी खाण्याआधी वजन करा. लहान कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं. मोठ्यांसाठी दवाखान्यातला काटा. आमच्या डॉक्टरांनी त्याचे कधी पैसे घेतले नाहीत.

आठवड्याला अंगाच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के उतरणं चांगलं. 38 किलोला म्हणजे 380 ते 760 ग्रॅम. प्रत्यक्ष घरात याहून हळू होतं, अर्ध्या टक्क्यानेही निराश होऊ नका. 2 टक्क्यांहून वेगाने उतरत असेल तर खाणं थोडं वाढवा, स्नायू जात असतात.

चार आठवडे काटा हललाच नाही तर आधी वही पुन्हा सुरू करा. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात असं झालं. वहीत सापडलं की पाहुण्या आलेल्या आत्याबाई दुपारी वाटीभर दही-भात देत होत्या. वही स्वच्छ असेल तरच मात्रा 5 ते 10 टक्क्यांनी कमी करा. तरीही हललं नाही तर डॉक्टर आणि थायरॉइडची तपासणी.

कशासाठी एवढं, असं वाटेल तेव्हा एक आकडा आठवा. 48 लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं गेलं, आणि 2002 मध्ये त्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं निघालं, दुसऱ्यांचं 11.2. सांधेदुखीही त्यांना उशिरा सुरू झाली. जवळपास दोन वर्षं! मी तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता.

लक्ष्य गाठल्यावर

इथेच बरीच कुत्री परत जाड होतात, कारण घर सुटकेचा श्वास टाकतं आणि डबा बंद होतो. जुन्या मात्रेवर जायचं नाही. खाणं 10 टक्क्यांनी वाढवा, दोन आठवड्यांनी वजन बघा, अजून उतरत असेल तर पुन्हा 10 टक्के. वजन स्थिर झालं की ती त्याची कायमची मात्रा. राणी 1100 कॅलरीच्या आसपास थांबली. आता महिन्यातून एकदा वजन करतो आणि अर्धा किलोही वाढलं तरी त्याच आठवड्यात दाणे कमी करतो.

ती दुसरा मजला न थांबता चढते. ओट्याशी आईंची फुलकी अजून रोज असते.